गाव उठवा

"आमच्या आज्यानं गाव एकदा उठवलं, आबा. तुम्ही कायमचं उठवलासा!" असं म्हणत तोहिद पायाशी वाकला, आणि पिराजीराव इंगवल्यांच्या हातातला दुधाचा पेला ओठांपाशी नेता नेता अडला. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर सकाळी यायचं आणि म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात पडलेलं फेसाळ दूध उभ्यानं प्यायचं, ही त्यांची दिल्लीहून परतल्यापासूनची चैन. खासदार म्हणून सहा वर्षं तिथं जे पांढरं पाणी त्यांनी चहात ओतून घेतलं, त्याला दूध म्हणायची त्यांची आजही तयारी नव्हती. पेला कोमट होता, फेस मिशीला लागला होता, शेजारची म्हैस शेपटीनं माश्या वारत होती; सगळं रोजचंच, फक्त ते वाक्य रोजचं नव्हतं. "काय म्हणालास?" त्यांनी विचारलं. कानातलं यंत्र हल्ली अधूनमधून शिट्टी मारायचं, त्यामुळं आपलीच ऐकण्यात गफलत झाली असेल असं त्यांना वाटलं. तोहिद त्यांच्या मळगोंडीचाच. मीरासाबचा नातू, तिशी ओलांडलेला, गावच्या फाट्यावर गाड्या दुरुस्त करणारा, आणि गळ्यात जन्मतःच कर्णा बसवलेला. तो आणखी चढ्या आवाजात म्हणाला, "गाव माळावर न्यायची योजना आलीया न्हवं, तिच्या पहिल्याच पानावर तुमचं वाक्य छापलंय की! 'गाव उठवा.' खाली तुमचं नाव. तुम्ही दिल्लीत गरजलासा म्हणून तर मळगोंडीचा नंबर पहिला लागला. आज सुनावणी हाय, यायला लागतंय बघा. फ्लेक्स लावलाय तुमचा." गाडीला किक मारून तो गेलासुद्धा. पिराजीरावांनी दूध संपवलं. ते घशाखाली उतरलं एवढंच त्यांना कळलं.

सुनावणीला तर ते जाणारच होते. काल संध्याकाळीच बयाक्का त्यासाठी गावाहून आली होती. बयाबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. गावातच दिलेली, गावातच विधवा झालेली, आणि दोन म्हशींच्या जिवावर आजही कुणाच्या बापाला न भिणारी. पुरानं तिच्या घराची भिंत दोनदा पाडली होती आणि दोन्ही वेळा तिनं ती स्वतः माती तुडवून उभी केली होती. सोफ्याच्या अगदी कडेला, पुसल्यावर ओलसर राहिलेल्या ओट्यावर बसावं तशी बसून ती म्हणाली होती, "पिरू, माळावर नेत्यात म्हणं आमाला. तितं म्हशीनं डुंबायचं कुठं? टँकरखाली धरू व्हय तिला?" आणि पिराजीरावांनी छाती पुढं काढून सांगितलं होतं, "मी हाय की आक्का. उद्या मी बोलतो. कुणीतरी नदी न बघितलेल्या माणसानं खुर्चीत बसून म्हणायचं उठा, आणि आमी उठायचं? ह्यो काय बाजार हाय?" मग जेवण होईपर्यंत त्यांनी त्या नदी न बघितलेल्या माणसाचा असा काही उद्धार केला, की सुनेला, संयोगिताला, हसू आवरेना. बयाक्कानं मात्र समाधानानं भात मागून घेतला. भाऊ बोलतो म्हटल्यावर काम झालं, हा तिचा साधा हिशोब होता. आता गंगावेशीतून घराकडं चालताना पिराजीरावांना कालचा प्रत्येक शब्द आठवत होता, शिव्यांसकट. तो नदी न बघितलेला माणूस आपणच निघालो, ह्या गोष्टीवर हसावं असं त्यांना वाटलं, पण तोंडाचे स्नायू हललेच नाहीत.

ते वाक्य त्यांनी म्हटलं होतं. नाकारायची सोय नव्हती. वरच्या सभागृहात लाल गालिच्यावर उभं राहून म्हटलं होतं, तेही मराठीत. मराठीत बोलायचं तर आधी कळवावं लागतं, म्हणजे मग काचेच्या खोलीत मराठी समजणारं माणूस बसवतात आणि आपण इकडं तोंड उघडलं की तिकडं सगळ्यांच्या कानात इंग्रजी सुरू होतं. पहिली काही वर्षं पिराजीराव हिंदीत बोलले. साखरेवर बोलले, खेड्यातल्या टपाल कचेऱ्यांवर बोलले, दुधातल्या भेसळीवर तर फार पोटतिडकीनं बोलले. एकदाही कुणी मान वर करून बघितलं नाही. हिंदीत बोलताना आपण दुसऱ्याची चप्पल घालून चाललोय असं त्यांना व्हायचं. बोटं पुढं सरकायची आणि टाच मागं राहायची. म्हणून पूर आणि आपत्तीच्या विधेयकावर चर्चा निघाली तेव्हा त्यांनी ठरवलं, आता आपल्या बोलीत. पक्षानं नाव यादीच्या शेपटाला टाकलेलं. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, निम्मी बाकं रिकामी, उरलेल्यांतले काही डोळे मिटून चिंतन करत होते. पिराजीरावांनी आकडे वाचायला घेतले आणि आकडे मधेच असताना घंटा वाजली. पीठावरून आवाज आला, समाप्त कीजिए. दुसऱ्यांदा घंटा वाजली. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "महोदय, आकडं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले होते, "माझं मळगोंडी गाव नदीच्या कुशीत हाय. धरणाचं दार उघडायच्या आधी गाव उठवा. तेवढं एक करा, महोदय. गाव उठवा." आणि काय आश्चर्य, बाकं वाजली. चिंतन करणारेसुद्धा जागे होऊन वाजवायला लागले. बाहेर आल्यावर दक्षिणेकडचे एक उंच सदस्य त्यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, बोल्ड, व्हेरी बोल्ड. माणसांना झोपेतून उठवा म्हणण्यात बोल्ड काय आहे, हे पिराजीरावांना कळलं नव्हतं. पण हात घट्ट धरलेला होता, आणि कौतुक असं दारात आलेलं असताना त्याची चौकशी कोण करतं? ते हसले आणि चहा प्यायला गेले.

खरी गंमत दुसऱ्या दिवशीची. मंत्री चर्चेला उत्तर द्यायला उभे राहिले, भरभर इंग्रजीत बोलत सुटले, आणि त्या प्रवाहात एकाएकी 'ऑनरेबल मेंबर श्री इंगवले' असं वाहत आलं. नाव ऐकल्याबरोबर पिराजीरावांनी बाक वाजवला. जोरात, दोन्ही हातांनी वाजवला. शेजारचे वाजवायला लागले म्हणून आणखी वाजवला. कानात भाषांतराचं यंत्र अडकवलं असतं तर हिंदीत ऐकू आलं असतं की मंत्री नक्की काय कबूल करतायत. पण स्वतःचं नाव ऐकायला दुभाष्या कशाला लागतो! आज, रंकाळ्याच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्यात फुटपाथवर उभं राहून, त्यांना तो बाक तळहाताखाली पुन्हा लागला. गुळगुळीत, थंड, कडेला पितळी पट्टी. बहिणीचं घर उठवायच्या आश्वासनावर आपण टाळ्या पिटत होतो. तळहात त्यांनी धोतराला पुसला, आणि मग आपण काय पुसतोय ते कळून हात मागं बांधला.

ते वाक्य म्हणताना त्यांच्या मनात मीरासाब होता. तोहिदचा आजा, नदीच्या अगदी काठाला राहणारा, नाव चालवणारा. पिराजी लहान असताना तो मोठा पूर आला, तेव्हा उजाडायच्या आत तांब्याची घागर उलटी धरून ती दगडानं बडवत मीरासाब गल्लीगल्लीतून फिरला होता. उठा रं, पाणी आलं, उठा. हाक पुसट आठवते, घागर पुसट नाही. घागरीचा तो फुटका, दातांत शिरणारा आवाज आजही कानाच्या मागच्या हाडात कुठंतरी बसलेला आहे. बयाक्कानं लहानग्या पिराजीला पाठीवर घेऊन नेलं होतं आणि तिची ओली वेणी त्याच्या तोंडावर सपासप आपटत होती. एक माणूस दगावलं नाही. पुढं कितीतरी वर्षं गावात कुणाचीही मोठेपणाची गोष्ट निघाली, की म्हातारी माणसं म्हणायची, काय केलंस तू एवढं? मीरासाबनं गाव उठवलं होतं. उठवलं म्हणजे जागं केलं. दुसरं काय? आणि तरी, दुसरंही होतंच की. धरणाखाली गेलेल्या गावांबद्दल हीच म्हातारी माणसं म्हणत, अमकं गाव उठलं, तमकं गाव सरकारनं उठवलं. तेव्हा त्या शब्दात चूल, देव, गोठा, सगळं गाडीत भरलेलं असे. शब्द तोच, अक्षरं तीच. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून माणसं अर्थ ओळखायची. काचेच्या खोलीत बसून भाषांतर करणाऱ्या बाईला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती; तिनं त्याचं 'गाव हलवा' केलं. तिला तरी काय बोल लावणार?

घरी संयोगिता गाडीची किल्ली घेऊन तयारच होती आणि बयाक्का नवं लुगडं नेसून दारात. गाडी निघाल्यावर पिराजीरावांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना ते समोरच्या काचेकडं बघत राहिले, कारण मागच्या सीटवर आक्का होती. संयोगितानं सिग्नलला गाडी थांबल्यावर मोबाइल काढला, दोनचार ठिकाणी बोट फिरवलं आणि म्हणाली, "आबा, सापडलं. तुमचं भाषण मराठीतच ठेवलंय, खाली इंग्रजी दिलंय." पिराजीरावांच्या छातीतलं ओझं हललं. मराठी आहे म्हणजे पुरावा आहे! "वाच, वाच." तिनं वाचलं. धरणाचं दार उघडायच्या आधी गाव उठवा. तेवढं एक करा, महोदय. गाव उठवा. तिनं ते मनाशी पुन्हा एकदा वाचलं आणि मग हळूच म्हणाली, "आबा, यातनं दोन्ही निघतं हो."

"माझ्या तोंडातनं एकच निघालं हुतं."

"ते तुम्हाला माहीत. वाचणाऱ्याला कसं कळणार?"

मागून बयाक्का म्हणाली, "आगं, त्यात कळायचं काय? त्यो हाय की हितं जित्ता. इचारा त्याला. पिरू, तू जागं करा म्हणालतास न्हवं?"

"व्हय आक्का."

"मग सांग की तसं. लई सोपं हाय." एवढं म्हणून तिनं खिडकीची काच खाली करायची खटपट सुरू केली, आणि ती होईना तेव्हा गाडी बनवणाऱ्याला दोन शब्द सुनावले.

दसरा चौकाच्या अलीकडं गाडी अडकली. कुणाच्या तरी वाढदिवसाची मिरवणूक पुढं चालली होती. डॉल्बीच्या दणक्यानं गाडीचं छप्पर बोटाखाली धडधडत होतं आणि पिराजीरावांनी कानातलं यंत्र काढून हातात धरलं. आवाज बंद झाला, धडधड राहिली. सोपं आहे. उभं राहायचं आणि म्हणायचं, बाबांनो, मी जागं करा म्हणालो होतो. एवढंच. मग आपण अडतोय कशाला? त्यांनी स्वतःला धरून विचारलं आणि उत्तर आलं ते त्यांना आवडलं नाही. सहा वर्षांत ते जे जे बोलले त्यातलं काहीही कुठंही पोचलं नाही. साखर तिथंच राहिली, टपाल तिथंच राहिलं, दुधात पाणी तसंच पडत राहिलं. एकच वाक्य पोचलं. एकाच वाक्यानं कागद हलले, माणसं मोजपट्ट्या घेऊन माळावर आली, रस्त्याची आखणी झाली. ते वाक्य चुकीचं ऐकलं गेलं, असं आज म्हणायचं म्हणजे पिराजी इंगवले दिल्लीत होता की नव्हता, ह्याचा एकुलता एक पुरावा स्वतःच्या हातानं पुसायचा. म्हातारपणात माणसाला आणखी काय उरतं? लाज वाटली त्यांना, सपशेल लाज वाटली; पण लाज वाटून ती गोष्ट खोटी झाली नाही.

आणि दुसरी एक गोष्ट त्याच्याही खाली होती. मागं आरशात आक्काचा चेहरा दिसत होता, मिरवणुकीकडं बघून हरखलेला. किती वर्षं त्यांनी तिला विनवलं होतं. आक्का, सोड ते घर. हितं ये. दर पावसाळ्यात नदीचं पाणी चढलं की ते दिल्लीतून फोन लावत बसायचे, तो लागायचा नाही, आणि लागला की ती म्हणायची, पायरीला लागलंय फकस्त, तू जेव. त्या पायरीची त्यांना इतकी भीती वाटायची की कधी कधी तिचाच राग यायचा. कुणीतरी हिला उचलावं आणि वर ठेवावं, एकदाचं, हिला न विचारता, असं त्यांच्या मनात शेकडो वेळा येऊन गेलं होतं. मग त्या दिवशी घंटा वाजत असताना, हातातला कागद टाकल्यावर, जिभेवर नेमका हाच शब्द का आला? जागं करा असं का आलं नाही? खबर द्या असं का आलं नाही? मीरासाबची घागर आठवली होती, हे खरं. पण घागरीच्या मागं आणखी कोण उभं होतं? काचेतल्या त्या बाईनं पाठीवरून जे वाचलं ते तोंडावर लिहिलेल्यापेक्षा जास्त खरं तर नव्हतं? पिराजीरावांनी दार उघडायला मुठीवर हात ठेवला. बाहेर उतरून मोकळं चालत सुटावं, असं त्यांना वाटलं. दार लॉक होतं. "आबा, थांबा, आता हलेल," संयोगिता म्हणाली असावी. यंत्र हातात असल्यामुळं त्यांना फक्त तिचे ओठ दिसले.

सुनावणीच्या सभागृहाच्या दारातच त्यांची स्वतःशीच गाठ पडली. फ्लेक्सवरचे पिराजीराव पुरुषभर उंच होते, रंगानं दोन छटा उजळ, आणि त्यांचं बोट आभाळाकडं होतं. वर लिहिलं होतं, 'दिल्लीचं तख्त हलवून गाव उठवणारा ढाण्या वाघ.' खाली तोहिद आणि मंडळींच्या फोटोंच्या रांगा. तोहिद धावत आला, हार घातला, आणि लगेच आईला पुढं आणलं. हाफिजाबी एका पायानं लंगडत आल्या आणि नुसते हात जोडून उभ्या राहिल्या. "गेल्या पुरात आईला दार काढून त्या दारावर निजवून न्हेली, आबा," तोहिद म्हणाला. आता त्याचा आवाज खाली होता. "पाय तवाच गेला. खबर मिळाली हुती की. रातभर भोंगा वाजत हुता. जागं असून काय करायचं, पाणी घरात आल्यावर? म्हणून म्हणतो, तुम्ही बरोब्बर बोललासा. उठवल्याबिगर सुटका न्हाय." पिराजीरावांनी हाफिजाबींच्या जोडलेल्या हातांवर हात ठेवला. बोलायला तयार ठेवलेलं वाक्य त्यांना एकदम जड झालं. बयाक्का शेजारी उभी राहून हाफिजाबींना विचारत होती, गाय व्याली का गं? दोघी एकाच घाटावर धुणं धुवून म्हाताऱ्या झालेल्या. एकीला माळ हवा होता, एकीला नको होता, आणि दोघी पिराजीरावांकडं विश्वासानं बघत होत्या.

आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या गच्च भरल्या होत्या. प्रांताधिकारी म्हणून नव्यानंच आलेल्या वर्षाराणी मॅडम व्यासपीठावर होत्या; तरुण, हसतमुख, आणि ज्येष्ठांचा मान राखणाऱ्या. त्यांनी पिराजीरावांना पहिल्या रांगेत बसवलं आणि योजनेची माहिती सुरू केली. "या योजनेची प्रेरणा आपल्याच जिल्ह्यातून, आपल्याच गावातून, थेट देशाच्या वरिष्ठ सभागृहात गेली. आज ती प्रेरणा इथं उपस्थित आहे." टाळ्या झाल्या. पिराजीरावांना खुर्चीच्या दांड्यावर टकटक ऐकू आली, कुठून येतेय म्हणून त्यांनी खाली बघितलं, तर त्यांचाच उजवा हात दांडा वाजवत होता. त्यांनी तो डाव्या हातानं धरून मांडीवर दाबून ठेवला. "साहेब, आपण दोन शब्द बोलावेत," मॅडम म्हणाल्या.

ते उभे राहिले. मागं वळून बघितलं तर तिसऱ्या रांगेत आक्का, पदर सावरून, शाळेच्या बक्षीस समारंभाला यावं तशी ताठ बसलेली. पिराजीरावांनी ध्वनिवर्धक हातात घेतला आणि क्षणभर सगळं सरळ झालं, लख्ख झालं. "महोदया," ते म्हणाले, "माझं एक वाक्य तुम्ही छापलंय. त्या वाक्याचा अर्थ मला सांगायचा हाय. मी म्हणालो, गाव उठवा. उठवा म्हणजे जागं करा. येळंवर जागं करा. माणसं झोपंत असताना पाणी येतं, तवा त्यांना जागं करा. माझं म्हणणं एवढंच हुतं. उठवा म्हणजे जागं करा." तोहिदचं तोंड उघडं राहिलं होतं. पिराजीरावांना वाटलं, झालं, सुटलो. पाठीवरून घामाची एक धार खाली गेली आणि ती गार लागली.

मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरत गेलं. "किती मोलाची सूचना!" त्या म्हणाल्या आणि शेजारच्या लिपिकाकडं वळल्या. "लिहून घ्या. स्थलांतराबाबत ग्रामस्थांमध्ये अद्याप पुरेशी जागृती झालेली नाही. ती तातडीनं करण्यात यावी, अशी सूचना माननीय माजी खासदारांनी केली. सर्वानुमते स्वीकारण्यात आली." आणि टाळ्या पडल्या. तोहिदनं मिटलेलं तोंड पुन्हा उघडून शिट्टी घातली. "तसं न्हवं," पिराजीराव म्हणाले, "मॅडम, तसं न्हवं, ऐका." मॅडम अदबीनं किंचित पुढं झुकल्या. "साहेब, मोठी यादी आहे. वेळेचं बंधन..." एवढंच त्या म्हणाल्या. वेळेचं बंधन. घंटा कुठंही वाजली नव्हती, पण पिराजीरावांना ती वाजलेली ऐकू आली, आणि सहा वर्षं ज्यानं त्यांना उठवलं आणि बसवलं होतं तेच काहीतरी त्यांच्या गुडघ्यात हललं. "धन्यवाद, महोदया," त्यांचं तोंड म्हणालं. ते बसले होते. आपण कधी बसलो, हे त्यांना कळलं नाही.

"हरकत क्रमांक एक. बयाबाई," लिपिकानं पुकारलं. आक्का तुरुतुरु पुढं गेली. ध्वनिवर्धक तिनं हातानं बाजूला सारला. तिला त्याची गरज नव्हती.

"बोला आजी, तुमची काय हरकत आहे?"

"माझं सांगून झालंय की."

"कधी?"

"आत्ता ह्यो भाऊ बोलला न्हवं का माझा? त्यो म्हणाला ते लिवलंसा?"

"लिहिलं आजी."

"समदं?"

"सगळं. आणि मान्यही केलं."

"मग झालं तर," बयाक्का म्हणाली, आणि तिचा चेहरा सगळा फुलून आला. "त्याच्या म्होरं मला काय बोलायचं हाय? त्यो म्हणतोय तसं करा."

"म्हणजे तुमची वेगळी हरकत नाही?"

"छ्या! कशाला?"

लिपिकानं मान खाली घातली आणि लिहिलं.

आता. आता उभं राहायचं, पिराजीरावांनी स्वतःला सांगितलं. सभागृहात अशा वेळी हात वर करून 'पॉइंट ऑफ ऑर्डर' म्हणतात, आणि मग सगळ्यांना थांबावं लागतं. त्यांनी हात वर केला. पण काय म्हणायचं? जागं करा म्हटलं तर त्याची जागृती झाली. हलवू नका म्हटलं तर हाफिजाबी तिथं पलीकडं, पाय लांब करून बसलेल्या. मी तसं म्हणालोच नव्हतो म्हटलं, तर आक्का सगळ्यांदेखत विचारणार, मग काय म्हणालतास? आणि तिच्या डोळ्याला डोळा देऊन ते खात्रीनं सांगता येईल का? शब्द शोधायला ते आत गेले आणि जिकडं जावं तिकडं तो एकच शब्द दार अडवून उभा होता. लिपिकानं पुढचं नाव पुकारलं. कुणीतरी उठून बोलायलाही लागलं. त्यांचा वर गेलेला हात पाहून मागच्या रांगेतल्या दोघांना वाटलं, साहेब नमस्कार करतायत. त्यांनी उलट नमस्कार केला.

बयाक्का परत येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. ती हसत होती. तिच्या तळहातांना म्हशींचा वास येत होता, आणि त्यातला एक तिनं त्यांच्या खांद्यावर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, सगळा भार देऊन. "बघ, किती सोपं हुतं," ती म्हणाली. "उगंच सकाळधरनं घोर लावून घेतलास. चल, मला एसटीत बसव. सांजंची धार काढायला घरी पोचाय पायजे. ऊठ की पिरू, बसलास काय?"

पिराजीराव उठले.